रोजचा खर्च क्रेडिट कार्डावर: तुमच्या घरी काय पद्धत आहे?

जास्वंद, नाशिक (१० ऑगस्ट, रात्री १०.१५)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

एप्रिलपासून आम्ही घरचा जवळजवळ सगळा खर्च क्रेडिट कार्डावर आणला. किराणा, पेट्रोल, सासूबाईंची औषधं, मोबाईलची रिचार्ज, रात्री उशिरा मागवलेलं दही-ब्रेड, सगळं. त्यामागे दोन विचार होते. पगार खात्यात थोडे जास्त दिवस राहील आणि पॉइंट मिळतील. बिल दर महिन्याला पूर्ण भरतो, एक रुपयाही व्याज लागलेलं नाही.

काल मी वही घेऊन बसले. जानेवारी ते मार्च घरखर्च सरासरी २३,२०० रुपये महिना होता. एप्रिल ते जुलै तो २८,७०० झालाय. म्हणजे महिन्याला साडेपाच हजार जास्त, आणि चार महिन्यांत मिळालेले पॉइंट रुपयांत मोजले तर ११५० भरले. मोठी खरेदी एकही नाही. टीव्ही नाही, फ्रिज नाही. मग हे पैसे गेले कुठे?

दुसरी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. आमचे किराणावाले काका लग्नापासूनचे ओळखीचे. कार्ड पुढे केलं की मशीन देतात, कुरकुर करत नाहीत. पण परवा हळूच म्हणाले, "ताई, जमलं तर स्कॅन करत जा." तेव्हापासून दुकानात कार्ड काढताना हात अडखळतो.

तुमच्याकडे काय करता? रोजच्या खर्चाला कार्ड वापरावं का? नवऱ्याचं म्हणणं, बिल पूर्ण भरतोय तोवर काळजी कसली. मला ते पुरेसं वाटत नाही.

मुरमाड (१० ऑगस्ट, रात्री ११.०२)

तुमच्या यजमानांशी सहमत. मी तीन वर्षं भाजीपासून विमान तिकिटापर्यंत सगळं कार्डावर करतो. एकदाही व्याज भरलेलं नाही. गेल्या वर्षी आईबाबांना दिल्लीला पाठवलं ती जायची तिकिटं पॉइंटांवर काढली. शिवाय कुठे किती गेले ते स्टेटमेंटमध्ये ओळीने लिहून येतं. रोखीत हे कधीच जमलं नव्हतं.

खर्च वाढला त्याचा दोष कार्डावर लगेच टाकू नका. जूनमध्ये शाळा सुरू होतात. गणवेश, वह्या, दप्तर हे सगळं याच चार महिन्यांत येतं. आधीचे तीन महिने आणि नंतरचे चार महिने यांची अशी तुलना बरोबर नाही. ओळ न् ओळ बघा, मग ठरवा.

पडवी, पुणे (११ ऑगस्ट, सकाळी ७.२०)

मी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची काही वर्षं कार्डांच्या तक्रारी बघण्यात गेली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जास्वंदताई, तुम्ही पूर्ण बिल भरता हे उत्तमच. पण "पूर्ण बिल भरतोय तोवर" या वाक्यातला तो "तोवर" किती महाग पडू शकतो, हे बहुतेकांनी कधी मांडून पाहिलेलं नसतं. मी मांडून दाखवतो.

समजा ५ जूनला ४०,००० रुपयांची खरेदी केली. १५ जूनला बिल आलं, भरायची शेवटची तारीख ५ जुलै. बिलावर दोन आकडे असतात, एकूण देय आणि किमान देय. किमान देय साधारण पाच टक्के, म्हणजे २,००० रुपये. त्या महिन्यात हात आखडलेला होता म्हणून ५ जुलैला तेवढेच भरले. दर धरू महिना ३.६ टक्के, म्हणजे वर्षाला ४३.२. बऱ्याच कार्डांवर दर याच्या आसपास असतो.

आता व्याज ५ जुलैपासून लागत नाही. खरेदीच्या दिवसापासून लागतं. ५ जून ते ५ जुलै पूर्ण ४०,००० वर १,४२० रुपये. ५ ते १५ जुलै उरलेल्या ३८,००० वर ४५०. झाले १,८७०. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३३७. म्हणजे २,००० भरले आणि २,२०७ वाढले. १५ जुलैच्या बिलावर ४०,२०७ रुपये दिसणार. पैसे भरूनही देणं आधीपेक्षा जास्त. पुढच्या बिलापासून किमान रकमेत हे व्याज आणि कर धरावे लागतात, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे, त्यामुळे ती रक्कम एकदम मोठी होते आणि माणूस गडबडतो.

याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. मागची बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत जाते. १६ जुलैला घेतलेल्या साखरेवरही त्याच दिवसापासून व्याज. रोजचा खर्च कार्डावर असणाऱ्याला हे सगळ्यात जास्त बोचतं, कारण त्याची खरेदी थांबतच नाही.

व्याजाला वरची मर्यादा असावी की नाही यावरही वाद झाला. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डावर ३० टक्क्यांच्या वर व्याज लावणं अनुचित ठरवलं होतं. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. तेव्हा कुणी "तीसच्या वर घेताच येत नाही" म्हणालं तर त्यावर विसंबू नका.

एक काम मात्र आजच करा. खात्यातून बिल आपोआप कापलं जावं म्हणून अर्ज भरला असेल, तर त्यावर "एकूण देय" आणि "किमान देय" असे दोन पर्याय असतात. खूण कशावर आहे ते बघा. या एका खुणेमुळे वर्षानुवर्षं व्याज भरणारी सुशिक्षित माणसं मी पाहिली आहेत. त्यांना वाटायचं, बिल कापलं जातंय.

काजूबोंड, चिपळूण (११ ऑगस्ट, दुपारी २.४५)

माझं किराणा दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. ताईंच्या काकांचं म्हणणं मी सांगतो, कारण ते स्वतः सांगणार नाहीत. गिऱ्हाईक तुटेल या भीतीने कुणीच सांगत नाही.

तुम्ही खात्यातून स्कॅन करून १,००० दिले की मला १,००० मिळतात. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही. डेबिट कार्ड घासलं तर माझ्यासारख्या लहान दुकानाला जास्तीत जास्त ०.४० टक्के, तशी मर्यादाच आहे. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. मला दोन टक्क्यांच्या आसपास पडतं, त्यावर जीएसटी, आणि मशीनचं महिन्याचं भाडं वेगळं.

आता दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण तेलाच्या डब्यावर, साखरेवर मला सुटतात किती? कधी तीन टक्के, कधी दोनच. तांदळावर जरा बरे सुटतात, मसाल्यावर, साबणावर आणखी बरे. तुमच्या पिशवीत तेल, साखर, मैदा असेल आणि तुम्ही कार्ड दिलंत, तर त्या पिशवीवर मी दिवसभर उभं राहून काही कमावलं नाही. तुम्हाला पॉइंट मिळाले ते तिथूनच गेले. ते वेगळे दोन टक्के गिऱ्हाईकाकडून मागायचे नाहीत, असं मशीन देतानाच मला बजावलं होतं.

हल्ली रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. २०२२ पासून ही सोय आली. तिथे लहान दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंत शुल्क नाही, हे चांगलं केलं. पण त्यावरच्या रकमेला शुल्क आहे, आणि गिऱ्हाईक स्कॅन करतं तेव्हा पैसे खात्यातले की कार्डातले हे मला आधी कळत नाही. मागच्या दिवाळीत एका घरचं ६,४०० चं सामान झालं. मी हौसेने चकली भाजणीची एक पिशवी वर घातली. दुसऱ्या दिवशी खात्यात दीडशे रुपये कमी. तेव्हा कळलं.

हे झालं एका बाजूचं. दुसरीही बाजू सांगतो, नाहीतर खोटं होईल. माझ्याकडे उधारीची वही आहे. गणपतीच्या आधी मुंबईकर येतात, घरं उघडतात, दहा-बारा हजारांचं सामान नेतात आणि "दिवाळीत देतो" म्हणतात. त्या वहीत आज अडकलेले पैसे मी इथे लिहीत नाही. तीच माणसं कार्डाने देतील तर दुसऱ्या दिवशी पैसे माझ्या खात्यात. तिथे मी ते दोन टक्के आनंदाने सोडीन. माझी अडचण आहे ती खात्यात पैसे असताना चारशेच्या सामानाला कार्ड घासणाऱ्यांची.

कोरांटी, छत्रपती संभाजीनगर (११ ऑगस्ट, सायंकाळी ५.३०)

काजूबोंड, डोळे उघडलेत. आमच्या वाण्याने गेल्या वर्षी मशीनच परत केलं, तेव्हा मी त्याला मागासलेला ठरवलं होतं. उद्या जाऊन बोलते.

जास्वंद, नाशिक (१२ ऑगस्ट, रात्री ९.५०)

सगळ्यांचे आभार. मुरमाड, तुम्ही म्हणालात तसं ओळ न् ओळ पाहिली. दोन रात्री गेल्या, पण बरं झालं.

शाळेचा खर्च खरंच होता. दोन्ही मुलांचे गणवेश, पुस्तकं, दप्तर, पावसाळी बूट मिळून ८,८०० रुपये. चार महिन्यांत वाटले तर महिन्याला २,२००. एवढी तुमची दुरुस्ती मान्य.

उरले महिन्याला ३,३००, म्हणजे चार महिन्यांचे १३,२००. त्यातले नऊ हजारांहून जास्त एकाच प्रकारचे निघाले. दहा-पंधरा मिनिटांत घरपोच आणून देणाऱ्या अॅपवरून मागवलेल्या वस्तू. १८० रुपये, २४० रुपये, ३१५ रुपये. बहुतेक रात्री नऊनंतरच्या. कार्ड तिथे जोडून ठेवलेलं, म्हणून पैसे दिल्याची जाणीवच झाली नाही. किराणा मात्र होता तेवढाच आहे. म्हणजे काकांच्या दुकानात माझा हात सैल झालेला नाही, आणि भुर्दंड त्यांना. हे पाहून मला फार वाईट वाटलं.

मुरमाड (१२ ऑगस्ट, रात्री १०.३०)

नेमकं हेच म्हणायचं होतं. कार्ड असो वा यूपीआय, अॅपवर हात तसाच सुटला असता.

जास्वंद, नाशिक (१२ ऑगस्ट, रात्री १०.४८)

तसं नाही वाटत मला. खात्यातून गेले असते तर वीस तारखेला शिल्लक दिसली असती आणि मी थांबले असते. मार्चपर्यंत असंच व्हायचं. कार्डाची मर्यादा दीड लाख. तिथे वीस तारखेलाही भरपूर शिल्लक दिसते, आणि ती आमची नसतेच.

कोथिंबीर, डोंबिवली (१३ ऑगस्ट, सकाळी ११.१०)

जास्वंद, याला माझ्याकडे एक उपाय आहे, साधा आहे. पगाराच्या बँकेशिवाय एक वेगळं बचत खातं आहे माझं. दर रविवारी रात्री जेवणं झाली की कार्डावर त्या आठवड्यात किती गेले ते अॅपवर बघते आणि तेवढे पैसे त्या खात्यात टाकते. बिल तिथूनच कापलं जातं. म्हणजे पगाराच्या खात्यातली शिल्लक खरी दिसते. एखाद्या रविवारी टाकायला पैसे नसतील तर पुढचा आठवडा कार्ड कपाटात. दोन वर्षांत असं तीनदा झालंय. तिन्ही वेळा वेळेवर कळलं.

पाऊलवाट (१३ ऑगस्ट, रात्री ११.५५)

इथे सगळे पूर्ण बिल भरणारे दिसताहेत, म्हणून लिहू की नको असं करत होतो. पडवीकाकांनी जे ४०,००० चं गणित मांडलं ते मी अडीच वर्षं जगलोय.

२०२१ मध्ये वडील आजारी पडले. रुग्णालयात आगाऊ रक्कम मागितली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. कार्ड घासलं. १ लाख १० हजार. त्या रात्री कार्ड नसतं तर काय केलं असतं मला माहीत नाही, त्यामुळे कार्डाला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. वडील बरे झाले, आज चालतात-फिरतात.

पण पुढच्या महिन्यात एवढे पैसे नव्हते. किमान रक्कम भरली. बिलावर तीच ठळक छापलेली असते आणि भरली की धन्यवादाचा संदेश येतो, सगळं ठीक आहे असं वाटतं. घरखर्च त्याच कार्डावर चालू ठेवला, ही माझी मोठी चूक. दूध-भाजीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतंय हे मला आठ महिन्यांनी कळलं. मग पहिल्याचं भरायला दुसरं कार्ड घेतलं. एकदा तर कार्डाने एटीएममधून रोख काढली. त्यावर आधी शुल्क, आणि व्याज त्याच मिनिटापासून. रोखीला बिनव्याजी मुदत नसतेच.

वसुलीचे फोन कचेरीत यायला लागले. रात्री साडेनऊलाही यायचे. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर निदान झोप तरी लागली असती. बायकोला सांगितलं नव्हतं. तो काळ पैशापेक्षा त्यामुळे जास्त जड गेला.

शेवटी तिला सांगितलं. तिनेच वाट काढली. माझा पगार जमा होतो त्या बँकेतून वैयक्तिक कर्ज घेतलं, दर १४ टक्के. दोन्ही कार्डांचं देणं एकदम चुकतं केलं. चौदाही कमी नाहीत, पण त्रेचाळीसपुढे ते वाचवणारे होते. हप्ता ठरलेला, शेवटची तारीख ठरलेली. गेल्या फेब्रुवारीत फिटलं.

एका माणसाने मधल्या काळात "तडजोड करा, निम्म्यात मिटवून देतो" असं सुचवलं होतं. ते केलं नाही हे फार बरं झालं. तसं मिटवलं की पतअहवालात "सेटल्ड" अशी नोंद राहते आणि पुढे घरकर्जाला तीच आडवी येते. कुणी या अवस्थेत असेल तर आधी कमी व्याजाचं कर्ज मिळतंय का पाहा, आणि घरात सांगा.

कोथिंबीर, डोंबिवली (१४ ऑगस्ट, सकाळी ८.०५)

पाऊलवाट, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या बायकोलाही सांगा.

जास्वंद, नाशिक (१४ ऑगस्ट, दुपारी १.२०)

पाऊलवाट, वाचून गलबलून आलं. हे आमच्याही घरी वाचून दाखवलं.

एक विचारायचं राहिलं. फसवणुकीच्या दृष्टीने डेबिटपेक्षा क्रेडिट कार्ड सुरक्षित असतं असं ऐकलंय. सासूबाईंच्या औषधांसाठी ऑनलाईन पैसे द्यावे लागतात, तिथे काय बरं?

सांजवात, कोल्हापूर (१४ ऑगस्ट, सायंकाळी ६.४०)

ऑनलाईनला क्रेडिट कार्डच बरं. डेबिटमधून चोरी झाली तर तुमच्या खात्यातले पैसे आधी जातात, मग तुम्ही मागत बसता. क्रेडिटमध्ये त्या वेळी पैसे बँकेचे असतात.

रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. चूक तुमची नसेल, बँकेचीही नसेल, मधल्याच कुठल्या व्यवस्थेत छिद्र पडलं असेल, आणि तुम्ही संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर एक रुपयाचाही भार नाही. चार ते सात दिवस लावलेत तर ठरावीक मर्यादेपर्यंत तुमच्यावर येतो. कळवल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम तुमच्या खात्याला तात्पुरती जमा करायची असते.

पण ओटीपी तुम्हीच दिला असेल तर हे संरक्षण नाही, आणि हे मला माझ्या मावशीच्या प्रकरणात कळलं. तिला फोन आला, "तुमचे पॉइंट आज रात्री संपताहेत, रोख करून देतो." बोलणारा शुद्ध मराठीत, कार्डाचे शेवटचे चार आकडेही त्याने सांगितले. मावशीने ओटीपी सांगितला. ४८,००० गेले. बँकेने हात वर केले. आम्ही १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवलं, पण दुसऱ्या दिवशी, तोवर पैसे पुढे सरकले होते. पहिल्या तासात कळवलं असतं तर अडवता येण्याची शक्यता होती. मावशी निवृत्त शिक्षिका आहे, हिशेबाला पक्की. पॉइंट वाया जातील एवढ्या भीतीने ती फसली.

आता तिच्या कार्डावर आम्ही काय केलंय ते सांगते. ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक कार्डावर ऑनलाईन, परदेशी आणि टॅप करून द्यायचे व्यवहार चालू-बंद करायची आणि मर्यादा ठरवायची सोय द्यावीच लागते. परदेशी व्यवहार बंद. ऑनलाईनची मर्यादा ५,०००. टॅप बंद, कारण टॅप केलं की ५,००० पर्यंत पिन लागत नाही आणि पर्स हरवली तर तेवढं पुरे. सासूबाईंच्या औषधांसाठी अशीच मर्यादा लावा.

थेम्सकाठ, रेडिंग (१४ ऑगस्ट, रात्री ११.३०)

इंग्लंडमधून लिहितेय, म्हणून जरा वेगळा अनुभव.

इथे १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्यात ७५ वं कलम आहे. १०० पौंडांहून महाग आणि ३०,००० पौंडांपर्यंतची वस्तू क्रेडिट कार्डावर घेतली आणि विकणाऱ्याने दिली नाही किंवा तो बुडाला, तर त्याच्याइतकीच जबाबदारी कार्ड देणाऱ्या बँकेची. माझी ६४० पौंडांची तिकिटं होती, विमान कंपनी प्रवासाआधीच बंद पडली. पैसे बँकेने दिले. डेबिट कार्डाला हे कलम लागू नाही. त्यामुळे मोठी खरेदी, प्रवास, फर्निचर इथे लोक मुद्दाम क्रेडिटवर करतात.

काजूबोंडांनी लिहिलेल्या दोन टक्क्यांवर मात्र मला थांबावंसं वाटलं. युरोपात २०१५ च्या नियमाने दुकानदाराच्या बँकेकडून कार्ड देणाऱ्या बँकेला जाणारं शुल्क क्रेडिटला ०.३ आणि डेबिटला ०.२ टक्क्यांवर बांधलं, आणि ब्रिटनने देशांतर्गत व्यवहारांना तेच ठेवलं. परिणाम काय, तर इथल्या साध्या कार्डांवर पॉइंट जेमतेम मिळतात. शंभर पौंडांवर पाव पौंड मिळाला तरी पुष्कळ. पण कोपऱ्यावरचं गुजराती दुकान दूध-पावालाही कार्ड घेतं. जानेवारी २०१८ पासून तर कार्डासाठी गिऱ्हाईकाकडून जादा पैसे घ्यायला बंदीच आहे.

काजूबोंड, चिपळूण (१५ ऑगस्ट, सकाळी ९.१५)

०.३ असेल तर मी दारावर पाटी लावीन, "कार्ड चालेल" म्हणून.

पडवी, पुणे (१५ ऑगस्ट, सकाळी १०.४०)

थेम्सकाठ यांनी फार महत्त्वाचं लिहिलंय. आपल्याकडे ७५ व्या कलमासारखं कलम नाही. व्यवहारावर हरकत घेता येते, माल आलाच नाही तर पैसे परत मिळवण्याची कार्डकंपन्यांची पद्धत आहे, पण तो कायद्याने दिलेला तसा हक्क नाही. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. नोव्हेंबर २०२१ पासून सगळ्यांसाठी एकच योजना आहे, फोन १४४४८.

आणखी काही सुटलेले मुद्दे. "विनाव्याज हप्ता" खरेदीत व्याजाएवढी सूट विक्रेता देतो म्हणून ती विनाव्याज दिसते. हप्त्यात व्याज असतंच, आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी तुम्ही भरता, प्रक्रिया शुल्कही बहुधा असतं. रोखीने घेतलं तर तीच सूट मिळते का हे आधी विचारा. पेट्रोलवर कार्डाला एक टक्का अधिभार लागतो, तो अनेक कार्डांवर ठरावीक रकमांना परत मिळतो. दोनशेचं पेट्रोल भरलं तर बहुधा मिळत नाही. महावितरणच्या बिलाला क्रेडिट कार्डाने वेगळं शुल्क पडतं, ते यूपीआयने भरा.

मुरमाड, तुम्ही तरुण आहात म्हणून तुम्हाला एक. मित्रांची खरेदी आपल्या कार्डावर करून पॉइंट गोळा करण्याची पद्धत हल्ली फार दिसते. वर्षात कार्डाच्या बिलापोटी १० लाख किंवा जास्त भरले गेले की बँक ते प्राप्तिकर खात्याला कळवते. पगार आठ लाख आणि कार्ड अकरा लाखांचं, हे समजावून सांगायला लागतं.

मुरमाड (१५ ऑगस्ट, दुपारी १२.००)

हे ठाऊक नव्हतं. खोलीतल्या तिघांचं मीच काढतो. थांबवतो. आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडे आजपासून खात्यातूनच स्कॅन. मोठ्या साखळी दुकानात आणि ऑनलाईन मात्र कार्डच वापरणार, तिथे मला काही गैर वाटत नाही.

कोरांटी, छत्रपती संभाजीनगर (१६ ऑगस्ट, रात्री ८.२५)

पडवीकाका, माझ्याकडे एक कार्ड आहे, न मागता नूतनीकरण होऊन आलेलं. वार्षिक शुल्क लावतात. बंद करा म्हणून दोनदा फोन केला, दोन्ही वेळा नवी ऑफर ऐकवली.

पडवी, पुणे (१७ ऑगस्ट, सकाळी ७.३०)

बाकी शून्य करा आणि लेखी विनंती पाठवा, ईमेल चालेल. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं. नाही केलं तर बंद होईपर्यंत दिवसाला ५०० रुपये त्यांनी तुम्हाला द्यायचे. पत्रात हा नियम लिहा. फक्त हे तुमचं सगळ्यात जुनं कार्ड असेल आणि लवकरच घरकर्ज घ्यायचं असेल, तर थोडं थांबा. जुनं खातं पतगुणांकाला, म्हणजे क्रेडिट स्कोअरला, उपयोगी असतं.

जास्वंद, नाशिक (१८ ऑगस्ट, रात्री ९.३५)

आमच्याकडे काय ठरलं ते कळवते.

काकांच्या दुकानात खात्यातून स्कॅन. काल गेले तेव्हा त्यांना म्हटलं, तुम्ही आधीच सांगायचं होतं. ते नुसते हसले आणि मुलांना राजगिऱ्याचे लाडू दिले. त्या घरपोच अॅपवरून कार्ड काढून टाकलं. ऑनलाईन औषधं, रेल्वेची तिकिटं आणि पेट्रोल कार्डावर राहील. कोथिंबीर, रविवारचं खातं उघडायला दिलंय.

आणि आज दुपारी सुट्टी काढून बँकेत गेले होते. आपोआप बिल कापण्याचा अर्ज बाहेर काढायला लावला. खूण "किमान देय" वर होती. अर्ज भरताना आम्ही ती केल्याचं दोघांनाही आठवत नाही. इतके महिने हे आमच्या हातून वाचलं ते केवळ नवरा दर महिन्याला तारखेच्या आधी स्वतः पूर्ण रक्कम भरायचा म्हणून. पुढच्या महिन्यात तो तीन आठवडे कामासाठी बाहेरगावी असणार आहे. नवा अर्ज "एकूण देय" वर खूण करून दिला. पडवीकाका, तुमचे किती आभार मानू?

पडवी, पुणे (१८ ऑगस्ट, रात्री १०.१०)

अर्जाची शिक्का मारलेली पोच घेतलीत ना? असा बदल लगेचच्या बिलाला लागू होईलच असं नसतं. तेव्हा येतं बिल हातानेच भरा, आणि त्यानंतरच्या बिलाच्या दिवशी खात्यातून नेमके किती गेले ते बघा.